वरातीचा दर ठरला, ठाणाचं काय? खानदेशातल्या घोडामालकांना एका नालबंदाचं खुलं पत्र

प्रति,
वरातीला, मिरवणुकीला घोडी देणारे आणि हौसेनं घोडे बाळगणारे
धुळे, नंदुरबार, जळगाव जिल्ह्यांतले सर्व मालक

मालक बांधवांनो, राम राम.

गेल्या आठवड्यात आपल्या भागातल्या घोडीवाल्यांची बैठक झाली. मीही होतो. लग्नसराई तोंडावर आहे म्हणून वरातीचा दर ठरला. गाव लांब असेल तर टेम्पोचं भाडं वेगळं घ्यायचं ठरलं. एकानं घेतलेली सुपारी दुसऱ्यानं कमी पैशात फोडायची नाही, हेही ठरलं. तिन्ही गोष्टी रास्त आहेत, माझा त्यांना विरोध नाही. शेवटी मी उठून एवढंच म्हणालो की सराई सुरू व्हायच्या आधी आपणच दोघा-तिघांनी मिळून प्रत्येकाचं ठाण, म्हणजे घोडी बांधायची जागा, बघून यावं. त्यावर "ज्याचं ठाण त्यानं बघावं" असं कुणीतरी म्हणालं, बाकीच्यांनी माना हलवल्या आणि बैठक संपली.

त्या एका वाक्यानं मला चार रात्री झोप लागली नाही, म्हणून हे पत्र. तुमच्यासाठी लिहितोय, पण उघड लिहितोय. वरातीला घोडी बोलावणाऱ्या वरबापानं आणि घोडीवर बसणाऱ्या नवरदेवानंही ते वाचावं.

मी नालबंद. आजोबा नालबंद, वडील नालबंद. तापीच्या दोन्ही काठांवरच्या ठाणांवर माझी पेटी फिरते. तुमची घोडी लोकांना दिसते ती झूल, गोंडे, मोत्यांची सरी घालून. मी तिचा पाय मांडीवर घेऊन बसतो, तेव्हा मला दिसतं ते ठाण. खुराचा तळवा खरवडला की घोडी रात्रभर कशात उभी होती ते कळतं. खुरावरच्या आडव्या रेघा बघितल्या की गेल्या काही महिन्यांत तिला कधी ताप येऊन गेला, खाणं कधी बिघडलं, याचा अंदाज येतो. त्यामुळे "ज्याचं ठाण त्यानं बघावं" हे मला लागू होत नाही. मी ते बघतोच. आतापर्यंत बघून गप्प बसत होतो, एवढंच.

गप्प बसण्याचं काय झालं ते सांगतो. गेल्या वैशाखातली गोष्ट. चांदणी नावाची नुकरी, म्हणजे पांढरी घोडी, आठ वर्षांची, शांत, ढोल-ताशा कानाशी वाजला तरी न बुजणारी. मालकाचं नाव लिहीत नाही, त्यांचं दुःख त्यांच्यापाशी. मी आठ दिवस आधी तिचे नाल बदलून आलो होतो. तेव्हाच गव्हाणीशेजारी बादलीभर बट्ट्या ठेवलेल्या बघितल्या. लग्नाच्या पंगतीतलं उरलेलं. आपल्याकडे लग्न म्हणजे वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. उरतंही भरपूर, आणि अन्न वाया जाऊ नये म्हणून घोडीवाल्याच्या बादलीत टाकतात. मला माहीत होतं हे चुकीचं आहे. गिऱ्हाईक जुनं, वयानं मोठं, म्हणून मी बोललो नाही.

आठव्या रात्री फोन आला, "भाऊ, घोडी उठस नही, तू ये." मी गेलो तेव्हा ती घामानं ओली झाली होती, पोटाकडे वळून वळून बघत होती, लोळत होती. कुशीला कान लावला, आतड्यांचा आवाज नाही. पशुवैद्य लांबच्या गावाला अडकले होते. ते आले, नळी घातली, सलाईन लावलं, जेवढं करता येईल तेवढं केलं. पहाटे चांदणी गेली. तिच्या पायांत मी मारलेले नवे नाल होते.

घोड्याला उलटी होत नाही. त्याचं जठर अंगाच्या मानानं लहान, ८ ते १५ लिटरचं. गाय-म्हैस चार कप्प्यांच्या पोटाची. तिला चालेल ते घोड्याला चालेलच असं नाही. चरायला मोकळा सोडला तर घोडा दिवस-रात्र मिळून सोळा-सोळा तास थोडं थोडं खात राहतो. आपण त्याला बारा तास उपाशी बांधतो आणि मग एका बैठकीत बादलीभर पीठ-तूप पुढ्यात ठेवतो. ते पोटात फुगतं, आंबतं. पोटशूळ उठतो. आणि त्यातून वाचला तरी दोन-तीन दिवसांत खूर आतून सुजतात, घोडा पुढचे पाय लांबवून टाचांवर भार देऊन उभा राहतो. असे पाय मी पुष्कळ बघितलेत. त्यावर नालबंदाकडे पुरतं औषध नाही.

तेव्हा बांधवांनो, माझी पहिली तक्रार खाण्याची आहे आणि तिच्यावर मी जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात जास्त घोडे यातच जातात. साडेतीनशे-चारशे किलोच्या घोडीला दिवसाला आठ किलोच्या आसपास कोरडा चारा-दाणा लागतो, आणि त्यातला मोठा वाटा चाऱ्याचाच हवा. चंदी द्या, भिजवलेला हरभरा द्या, कोंडा द्या, पण एका वेळी दोन किलोच्या वर दाणा नको. दिवसात तीन-चार वेळा वाटून द्या आणि आधी चारा, मग दाणा. आपल्या खानदेशात ज्वारीचा कडबा चांगला मिळतो, लसूणघास मिळतो. दुष्काळी मुलुखातल्या माणसाला हेवा वाटावा एवढं आपल्याकडे आहे. मग गव्हाणीत शिळ्या पुऱ्या का? बुंदी का?

मक्याचं तर फार जपा. पावसात भिजलेला, काळपट-गुलाबी बुरशी आलेला मका बाजारात पडत्या भावानं मिळतो आणि "जनावराला चालतो" म्हणून आणला जातो. त्या बुरशीचं विष घोड्याच्या मेंदूवर जातं. घोडा आंधळ्यासारखा भिंतीला डोकं लावून उभा राहतो, गोल गोल फिरतो आणि दोन-चार दिवसांत मरतो. उपाय नाही. तसंच कोंबडीखाद्याचं. नवापूरकडे पोल्ट्र्या आहेत, तिकडच्या बाजूला एखादं पोतं स्वस्तात हाती लागतं. कोंबड्यांच्या, काही वेळा गुरांच्याही खाद्यात मोनेन्सिन, सॅलिनोमायसिनसारखी औषधं मिसळलेली असतात. कोंबडीला ती औषधं आहेत, घोड्याला विष आहेत. हृदयाचे स्नायूच निकामी करतात. ज्या पोत्यावर घोड्याचं खाद्य असं लिहिलेलं नाही ते पोतं ठाणात शिरू देऊ नका. आणि कोवळी, पाण्याचा ताण बसलेली हिरवी ज्वारी खाऊन गुरांना किरळ लागते, म्हणजे विषबाधा होते, हे आपल्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे, तरी धुऱ्यावर घोडी चारताना विसरलं जातं.

दुसरी तक्रार जमिनीची. मी ज्या ठाणांवर जातो त्यांतल्या कितीतरी ठिकाणी फरशी किंवा कोबा आहे, उतार नाही, मुताचं डबकं साचलेलं, लीद दोन-दोन दिवस पडून. घोडी दिवसाला पंधरा-वीस किलो लीद टाकते. त्या ओलीत उभं राहून खुराच्या तळव्यातला मऊ त्रिकोणी भाग काळा पडतो, त्यातून असा वास येतो की माझ्यासारख्यालाही मान फिरवावी लागते. खाली वाकून एकदा नाक जमिनीपासून हातभर अंतरावर न्या. डोळे चुरचुरले तर समजा, घोडी रात्रभर तेच हुंगते. खोकला मग औषधानं जात नाही.

यात खर्च काय आहे? मुरूम टाकून धुम्मस करा, मागच्या बाजूला थोडा उतार काढा, बाहेर नाली खणा. वर गव्हाचं काड, भाताचा पेंढा, उसाचं चिपाड, जे आपल्या भागात मिळेल ते चार-सहा बोटं जाड अंथरा. सकाळ-संध्याकाळ लीद उचला, ओलं काड बाजूला काढा. लीद ठाणापासून लांब खड्ड्यात टाका. केळीवाले शेतकरी ते खत आनंदानं उचलून नेतील. आणि रोज खुराचा तळवा साफ करा. यासाठी मी नको, पोरगंही करू शकतं.

आता छप्पर. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, भुसावळ-जळगावचे आकडे सगळ्या महाराष्ट्रात सांगितले जातात. त्या उन्हात डोक्याला लागेल एवढ्या उंचीवर पत्रा आणि खाली घोडी बांधलेली. आमच्या आजोबांच्या वेळी ठाणं धाब्याखाली असायची. जाड मातीच्या भिंती, वर लाकूड, काड्या आणि पांढऱ्या मातीचा थर. दुपारी आत शिरलं की गार वाटायचं. आज सगळ्यांनी धाबं घालावं असं मी म्हणत नाही. पण पत्रा निदान दहा-बारा फुटांवर घ्या, त्यावर तुराट्या, पऱ्हाट्या, पाचट टाका, दोन्ही अंगांनी वारा वाहू द्या. एका घोडीला दहा बाय बारा फुटांची जागा द्या, बारा बाय बारा मिळाली तर उत्तमच. आवारात निंबाचं झाड असेल तर ते तोडून त्या जागी शेड ठोकू नका. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण या वर्षी दोन ठिकाणी तसं झालेलं बघितलं आणि जीव हळहळला.

पाण्याबद्दल मला माझ्या वडिलांच्या विरुद्ध बोलावं लागतंय. घामाघूम घोड्याला पाणी दाखवायचं नाही, असं ते आयुष्यभर सांगत आले, आणि तुमच्यापैकी बहुतेकांचे वडीलही तेच सांगत असतील. पण ते बरोबर नाही. घोड्याला आपल्यासारखाच अंगभर घाम येतो, घामावाटे मीठ जातं. वरातीतून आलेल्या घोडीला सावलीत फिरवत थोडं थोडं पाणी द्या, अंगावर पाणी ओता, गव्हाणीत सैंधवाचा खडा ठेवा. एरवी दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात काम असेल तर त्याच्या दुप्पटही. दोन बादल्या भरून ठेवल्या आणि आपण लग्नाला गेलो, यानं भागत नाही.

बांधण्याची तऱ्हा हीसुद्धा माझी तक्रार आहे. अगाडी-पिछाडी, म्हणजे पुढची-मागची दोरी, आखडून चोवीस चोवीस तास. घोडा उभ्या उभ्या डुलकी काढतो म्हणून लोक समजतात की त्याला आडवं पडायची गरज नाही. खोल झोपेसाठी त्याला अंग टाकावंच लागतं. ती झोप न मिळालेली घोडी पुढच्या गुडघ्यांवर कोसळते. गुडघ्यांवरचे घट्टे मला दिसतात, तुम्ही त्यांना वरातीतली खरचट म्हणता. रात्री पिछाडी सोडा. जागा असेल तर नुसती मोरकी काढून मोकळी सोडा. रोज तासभर हिंडवा, सराई नसेल तेव्हा जास्तच. काटेरी लगामाबद्दल मी एकच वाक्य लिहितो: तो १९६५ च्या नियमांनी बंद आहे, आणि तरीही पेट्यांमध्ये आहे.

आणि रोगराई. मार्गशीर्षात सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते, तिथला घोडेबाजार हा आपल्या खानदेशाचा अभिमान आहे. पंजाब, राजस्थान, गुजरात, उत्तर प्रदेशातून घोडे येतात. मारवाडी, काठेवाडी, नुकरा बघायला मी लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून गेलोय. तिथून आपण देवमण, पंचकल्याणी अशा शुभ मानलेल्या खुणा बघून, केसांचे भोवरे मोजून घोडी घेतो. पण खूर उचलून बघत नाही, दात बघतो ते फक्त वय कळावं म्हणून. आणि घरी आणल्या रात्री तिला जुन्या घोड्यांच्या रांगेत बांधतो, त्याच हौदावर पाजतो, त्याच तोबऱ्यात चारतो. कुठल्याही बाजारातून, कुठूनही आणलेला घोडा तीन आठवडे वेगळा ठेवायचा असतो. ग्लँडर्स हा संसर्गजन्य रोग असाच पसरतो, एकाच हौदातून. नाकातून घट्ट पिवळट शेंबूड, अंगावर गाठी, फोड. तो माणसालाही होतो. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबद्दलच्या २००९ च्या कायद्यानं तो कळवणं बंधनकारक आहे. औषधोपचाराची परवानगी नाही, घोडा मारावाच लागतो, त्यासाठी सरकार भरपाई देतं. तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते, आणि त्यासाठी रक्ताचा नमुना सरकारी पशुवैद्यांमार्फत जातो. लपवून घोडा दुसऱ्या जिल्ह्यात विकणं म्हणजे आपल्याच भावाच्या ठाणाला आग लावणं.

डांस माश्यांनी येणारा सर्रा, खिळा लागून होणारा धनुर्वात, वाढून टोकदार झालेल्या दाढा, जंत, या सगळ्यांसाठी वर्षातून एक-दोनदा डॉक्टर बोलवावे लागतात. आपण घोडी पडल्यावर बोलवतो.

शेवटी एका गोष्टीवर बोलतो, जी बैठकीत कुणालाच सुचली नाही. मोतद्दार, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारा नोकर. पोरगं असतं पंधरा-सोळा वर्षांचं, पाच-सहा घोड्यांमागे एकटं. खरारा त्यानं करायचा, लीद त्यानं काढायची, रात्री एक वाजता वरातीतून परतल्यावर घोडी थंड होईपर्यंत त्यानंच फिरवायची, आणि झोपायचंही त्याच ठाणात, गवताच्या भाऱ्यावर. त्याला पगार सराईत मिळतो, पावसाळ्यात जेवणावर. मग ते पोरगं सोडून जातं, नवं येतं, आणि घोड्याचं काय बिघडलंय हे ओळखणारं माणूस ठाणावर उरतच नाही. चांदणीच्या ठाणावरचा पोरगा नवाच होता. संध्याकाळपासून तिनं लीद टाकली नव्हती. त्याचा अर्थ त्याला कुणी शिकवलेला नव्हता. त्या पोराला दोष देऊ नका, माझा आणि तुमचा आहे.

कायदा माहीत असावा म्हणून सांगतो: १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धच्या कायद्यात मालकानं पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं हा गुन्हा आहे, आणि अवाजवी आखूड दोरानं फार वेळ बांधून ठेवणं हाही. पहिल्यांदा गुन्हा केला तर दंड दहा ते पन्नास रुपये. तेवढ्या दंडाच्या भीतीनं कुणी ठाण सुधारणार नाही, हे मला कळतं. म्हणूनच मी पोलिसांना नाही, तुम्हाला लिहितोय.

माझ्या मागण्या साध्या आहेत. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आत पुन्हा बैठक बोलवा आणि ठाण-पाहणीचा ठराव घ्या. तीन माणसं निवडा, त्यांत एक पशुवैद्य असू द्या, एक मोतद्दारही असू द्या. ज्याच्या ठाणात ओल, उकाडा, पाण्याची टंचाई दिसेल त्याला पंधरा दिवस द्या, मदत लागली तर द्या, आणि तरीही सुधारलं नाही तर त्याची सुपारी ठरलेल्या दरात धरू नका. दर टिकवायला एकमेकांवर नजर ठेवता येते, तर ठाणावरही ठेवता येईल. ठरलेल्या दरातला ठरावीक हिस्सा फक्त ठाणासाठी, काड, मुरूम, डॉक्टर, लस यांसाठी बाजूला काढा. उरलेलं ताट घोडीला देणार नाही आणि देऊ देणार नाही, हे सुपारी घेतानाच वरबापाला सांगा. नवीन घोडा तीन आठवडे वेगळा. दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर कापून नाल बदलायचे, नाल गळून पडायची वाट बघायची नाही. मोतद्दाराला बाराही महिने पगार आणि झोपायला वेगळी खोली.

आणि प्रत्येक ठाणाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत चुन्यानं लिहून ठेवा: निरोगी घोड्याच्या अंगाचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस, नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६. खाली डॉक्टरांचा नंबर आणि फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२. त्याच्याखाली हेही लिहा: घोडी पोटाकडे बघत असेल, लोळत असेल, लीद टाकली नसेल, तर मालकाची वाट न बघता फोन करावा. नव्या पोराला हे पहिल्या दिवशी वाचून दाखवा.

माझ्याकडून एवढं. येत्या रविवारपासून आखाजीपर्यंत दर रविवारी सकाळी मी पेटी घेऊन निघणार आहे. ज्याला ठाण दाखवायचं असेल त्यानं बोलवावं. खूर बघेन, जमीन बघेन, जे दिसेल ते तोंडावर सांगेन, पैसे घेणार नाही. पहिलं बोलावणं चांदणीच्या मालकांचं आलंय. तिचं दोन वर्षांचं शिंगरू आता त्याच जागी बांधलेलं असतं. त्याला अजून नाल बसवलेले नाहीत.

आपला,
तापीकाठचा एक नालबंद